पोट सोमवारीच दुखतं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकून महत्त्वाचा भाग इथे देते.

"बाई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, पाचवीपासून हायस्कुलात. आठवीपर्यंत तिला अभ्यासाला बस म्हणून कधी सांगावं लागलं नाही. विज्ञान तर फारच आवडीचं. एप्रिलात नववीचे वर्ग सुरू झाले तेव्हा डिव्हिजन बदलल्या आणि पहिलीपासूनची तिची मैत्रीण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली. जूनपासून हिचं काहीतरी बिनसलंय. वही उघडून नुसती बसून राहते. सोमवार आला की सकाळी पोट दुखतं. दोनदा डॉक्टरकडे नेलं, त्यांना काही सापडलं नाही. पहिल्या चाचणीत विज्ञानाचे मार्क निम्म्यावर आले. पालकसभेत क्लास टीचरनी सगळ्यांसमोर विचारलं, 'आठवीत हिला एवढे मार्क पडले तरी कसे?' पोरगी मान खाली घालून उभी होती. घरी आल्यावर एक शब्द बोलली नाही. तिच्या बाबांनी मोबाइल काढून घेतला आणि साखळी शहरात ट्यूशन लावली. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही मूळ घरी गेलो होतो. पाच दिवस भावंडांबरोबर गणपतीच्या वरची फळा-पानांची माटोळी बांधत होती, आरत्या म्हणत होती, रात्री उशिरापर्यंत हसणं-खिदळणं चाललं होतं. सुट्टी संपली आणि परत तेच सुरू. नव्या वर्गात सगळी इंग्रजीतच बोलतात, एवढं एकदा म्हणाली. तिची जिद्दच गेली का हो? मोबाइलमुळे झालं असेल का? पुढच्या वर्षी दहावी आहे. म्हापशाच्या शाळेत घालावं का?"

ताई,

तुमचं पत्र मी काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा मी चवथीच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त त्यानेच सांगितलं. पाच दिवस पोट दुखलं नाही. पाच दिवस पोरगी माणसांत होती, काम करत होती, गात होती. माटोळीला एकेक फळ नीट बांधायला काय चिकाटी लागते ते आपण दोघीही जाणतो. जिद्द गेलेलं मूल असं वागत नाही. तिची जिद्द शाबूत आहे. फक्त शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर तिचं काहीतरी होतं. म्हणून तिच्या अंगात काय कमी झालंय हे शोधण्याआधी त्या फाटकाच्या आत तिचं कोण उरलंय, ते पाहू या.

एप्रिलपासून काय काय गेलं ते मोजा. पहिलीपासूनची मैत्रीण गेली. तिच्याबरोबर बाक गेला, मधल्या सुट्टीतला डबा गेला, 'काल काय झालं माहीत आहे का' म्हणून सांगायचं माणूस गेलं. आठवीच्या ज्या टीचरना ही मुलगी हुशार आहे हे माहीत होतं, त्या गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या टीचरना तिचे आठवीचे मार्क खरे वाटत नाहीत. आणि भाषाही गेली. तुमच्या घरात एखाद्या मोठ्या माणसाची अशी बदली झाली असती, ओळखीचं कुणी नाही, वरचा साहेब संशयाने बघतोय आणि जेवणाच्या सुट्टीत एकट्याने डबा खायचा, तर 'बिचाऱ्याला तिथे करमत नाही' असंच आपण म्हणालो असतो. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही.

भाषेबद्दल जरा सविस्तर लिहिते. पेडण्याकडच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं शिकवलं. मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांतून पाचवीत इंग्रजी माध्यमात येणारी आपली मुलं मी जवळून पाहिली आहेत. सहावी-सातवीपर्यंत ती पुस्तकातलं इंग्रजी पकडतात. नववीत आली की उत्तरं चांगली लिहितात, विज्ञानाच्या व्याख्या घडाघडा म्हणतात. अडतं ते गप्पांमध्ये. चटकन टोमणा मारणं, कुणाची नक्कल करणं, हळूच काहीतरी बोलून सगळ्यांना हसवणं, यासाठी लागणारं इंग्रजी पाठ्यपुस्तकात नसतं. ते लहानपणापासून कानावर पडावं लागतं. त्यामुळे मराठीत जी मुलगी गोष्टीवेल्हाळ असते, हजरजबाबी असते, ती अशा घोळक्यात नुसती मान डोलवत उभी राहते. मनातलं वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. चार दिवसांत वर्ग ठरवतो की ही शांत आहे. महिन्याभरात ठरवतो की ही बोअर आहे. आणि त्या वर्गात ही कोण आहे ते कुणालाच कळलेलं नसतं. 'सगळी इंग्रजीतच बोलतात' एवढं एक वाक्य ती तुमच्याशी बोलली, त्यात हे सगळं आलं असं मला वाटतं. त्यावर 'मग तूही बोल, त्याशिवाय कसं येणार?' असं उत्तर तिला मिळालं असेल, तर ती पुन्हा बोलली नाही यात नवल नाही. पूर्वी मीही मुलांना हेच उत्तर देत असे.

पोटाचं दुखणं खरं आहे, हे घरात सगळ्यांनी आधी मान्य करा. नॅओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग केला होता. संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ होता. खेळता खेळता एका खेळाडूकडे चेंडू टाकणं बंद केलं जाई आणि त्या वेळी त्याच्या मेंदूत काय घडतंय ते पाहिलं जाई. शरीर दुखताना जो त्रास होतो त्याच्याशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग, आपल्याला वगळलंय हे जाणवल्यावरही जागा होत होता. अनोळखी लोकांनी दोन-चार मिनिटांच्या खेळात वगळलं तर एवढं होतं. तुमची लेक जूनपासून रोज कित्येक तास त्या वर्गात बसतेय.

आता तिच्या बाबांबद्दल. पोरीच्या काळजीपोटी हातात होतं ते त्यांनी केलं, त्यांना मी दोष देत नाही. तरी मोबाइल आणि ट्यूशन या दोन्ही उपायांनी ती आणखी अडकली असावी असं मला वाटतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाला आतून काही करावंसं कशाने वाटतं याचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांच्या मते त्यासाठी तीन गोष्टी लागतात. स्वतःच्या मनाने काही ठरवता यायला हवं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटायला हवं आणि आपण कुणाचे तरी आहोत, आपलं कुणीतरी आहे ही भावना हवी. यातली तिसरी गोष्ट एप्रिलात सुटली. चाचणीचे मार्क आणि पालकसभेतलं ते वाक्य यांनी दुसरी घालवली. उरली होती पहिली. ती आपण घरच्यांनी काढून घेतली, कारण ट्यूशन लावताना तिला विचारलं नाही आणि मोबाइल काढून घेतानाही विचारलं नाही. आता वही उघडून नुसती बसणारी मुलगी समोर आणा.

मोबाइल परत द्या. मोबाइलने काही बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. रात्री उशाशी घेऊन झोपणारी मुलं सकाळी कशी उठतात ते मी पाहिलंय. पण दुसऱ्या डिव्हिजनमधल्या मैत्रिणीशी जोडणारा एवढाच धागा तिच्या हातात राहिला होता. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल, तर तिथल्या गप्पाही आता तिला दुसऱ्या दिवशी उष्ट्या मिळतात. रात्री साडेनऊला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, आणि तो नियम तुम्हा दोघांनाही लागू, असं तिच्याशी बोलून ठरवा. तुमचे फोनही तिथेच ठेवा. मग वाद होणार नाही.

ट्यूशन बंद करा असं मी लगेच म्हणणार नाही. आधी तिला एवढंच विचारा, 'तिथे कोण कोण येतं?' गावातलं, ओळखीचं कुणी येत असेल, जाता-येता गप्पा होत असतील, तर ती ट्यूशन विज्ञानापेक्षा त्या सोबतीसाठी चालू ठेवावी. कुणीच नसेल आणि तिथेही ती गप्प बसून परत येत असेल, तर शाळेसारखी आणखी एक जागा तयार झाली. मग पुढे काय करायचं ते तिलाच ठरवू द्या.

आई म्हणून तुम्ही काय करू शकता, आणि काय तुमच्या हातात नाही, हेही सांगते. असं मूल पाहिलं की आई होते तिची मैत्रीण. तिच्याबरोबर रील बघते, तिच्या खोलीत जाऊन बसते. त्यात माया असते, पण ती मैत्रिणीची जागा भरू शकत नाही. कॅथरिन वेंट्झेल यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सहावीच्या १६७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबाप, शिक्षक आणि सोबती या तिघांचा आधार मुलांना कुठे कुठे उपयोगी पडतो, हे त्यांनी वेगवेगळं तपासलं. तिघांचं काम सारखं नव्हतं. वर्गात चाललेल्या गोष्टीत मुलाला रस वाटतो का, वर्गाचे नियम पाळावेसे वाटतात का, याचा धागा शिक्षकांच्या आधाराशी जुळत होता. दुसऱ्याला मदत करावी, वाटून घ्यावं, असं वाटणं सोबत्यांच्या आधाराशी जुळत होतं. शाळेबद्दलची ओढ आणि शिकण्याची ध्येयं यांत घरचा वाटा होता. शिवाय घरच्यांचा आणि सोबत्यांचा आधार असला की मनाचा त्रास कमी आणि शाळेतला रस जास्त, असंही दिसलं. म्हणजे तुमचा वाटा मोठा आहे, पण तो घरचा आहे. वर्गातला तिचा रस परत यायचा असेल, तर वर्गातलं कुणीतरी लागेल. तुम्ही कितीही केलंत तरी ते काम तुमच्याकडून व्हायचं नाही, आणि झालं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका.

म्हणून आता टीचरकडे वळते. तुम्हाला त्यांचा राग आला असणार. मलाही आला. सगळ्या पालकांसमोर तसं विचारायला नको होतं. पण तो राग आवरून त्यांच्याकडे जा, असं मी सांगतेय, कारण मी स्वतः एकदा तसंच वागले आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, नववीतला. मराठी शाळेतून आलेला, अक्षर सुंदर, पण तोंड उघडत नसे. गृहपाठ अर्धाच करायचा. एक दिवस मी वैतागले आणि वर्गासमोर म्हटलं, "तुला आळस करायला घरी कोण शिकवतं रे?" मुलं हसली. तोही हसला. पुढे पंधरा दिवस तो शाळेतच आला नाही. नंतर बालरथवरच्या, म्हणजे शाळेच्या बसवरच्या, मदतनीस बाईंकडून मला कळलं की बसमध्ये तो दारापाशी एकटाच उभा असायचा. मागच्या सीटवरची मुलं त्याला बसू देत नव्हती, जूनपासून. मदतनीस बाईंना ते ठाऊक होतं, ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. मी क्लास टीचर होते आणि मला ठाऊक नव्हतं. तो परत आला तो माझ्यामुळे नाही. प्रयोगशाळेतल्या सहायकांनी त्याला मधल्या सुट्टीत परीक्षानळ्या धुवायला बोलावलं. त्यांना मदत लागत होती आणि याला बसायला जागा. वर्षअखेरीस त्याचे मार्क फार वाढले नाहीत, पण तो रोज आला. त्याच्या हजेरीच्या रकान्याकडे मी बघत असे. मी त्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती, आणि तीही वर्गासमोर, कारण अपमान वर्गासमोर केला होता.

हे सांगितलं कारण त्या दिवशी मी दुष्ट नव्हते. चाळीसेक मुलं, अपुरा झालेला पोर्शन, डोक्यावर तपासायच्या वह्यांचा ढीग, आणि समोर एक मूल जे काही सांगत नव्हतं. तुमच्या मुलीच्या टीचरही बहुधा अशाच असतील. त्यांना तुमची मुलगी ठाऊकच नाही. एप्रिलच्या आधीची ती त्यांनी पाहिलेलीच नाही.

तर पालकसभेची वाट पाहू नका. त्यांना मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागा. एकट्याच जा. तक्रारीने सुरुवात करू नका. साधारण असं बोला: "टीचर, ती आठवीपर्यंत विज्ञानात रमायची. यंदा मैत्रीण वेगळी झाली आणि ती एकटी पडलीय. घरी फार बोलत नाही. तुम्हाला वर्गात काय दिसतं?" आणि मग गप्प राहा, त्यांना बोलू द्या. शिक्षकाला कुणी 'तुम्हाला काय दिसतं' असं विचारलं की तो दुसऱ्या दिवसापासून बघायला लागतो, हा माझा अनुभव आहे. शेवटी एकच गोष्ट मागा, छोटी आणि करता येण्याजोगी. तिला प्रयोगाच्या तासाला काहीतरी काम द्या, सामान मांडायला, फलकावर तक्ता लावायला. नाहीतर प्रोजेक्टच्या गटात मराठी शाळेतून आलेल्या आणखी एखाद्या मुलीबरोबर बसवा. प्रत्येक वर्गात तशी दोन-चार असतातच. ती एकमेकांना ओळखू येत नाहीत, कारण सगळीच गप्प बसलेली असतात. पालकसभेतल्या त्या वाक्याबद्दल बोलायचंच असेल तर निघताना बोला, "ती त्या दिवशी फार दुखावली." एवढं पुरे.

मोठ्या मुलांना शिक्षकाच्या मायेची काय गरज, ते लहान मुलांचं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे खरं नाही. शिक्षक-विद्यार्थी नात्यावरचे ९९ अभ्यास नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एकत्र करून तपासले. हे नातं अभ्यासातल्या सहभागाशी जोडलेलं आहे, आणि एकंदरीत वरच्या इयत्तांत ते जास्तच, असं त्यांना आढळलं. आपल्या शाळांत नेमकं उलट होतं. पहिलीच्या बाई मुलाच्या आजीचीही चौकशी करतात. नववीत विषयागणिक टीचर येतात आणि घंटा झाली की जातात. त्यात कुणाची चूक नाही, रचनाच तशी आहे. म्हणून आपण मोठ्यांनी मुद्दाम एक माणूस शोधून द्यावा लागतो. तिच्या क्लास टीचरच व्हायला हव्यात असंही नाही. खेळाचे सर, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले सहायक, कुणीही चालेल. नाव घेऊन हाक मारणारा आणि ती आली नाही तर चौकशी करणारा एक मोठा माणूस पुरतो.

तुमच्या शाळेत समुपदेशक येतात का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या दिवशी येतात आणि मुलांना ते माहीत नसतं, किंवा तिथे गेलं तर वेडे म्हणतील अशी भीती असते. १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेच्या लोकांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. शाळेतलं वातावरण आणि नाती सुधारण्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत खास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी चालवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तेवढा फरक पडला नाही. एक शिक्षिका म्हणून हे वाचताना मला जरा लागलं, पण कारण समजलं. ज्याच्या हातात मार्क नाहीत, अशा माणसाशी मूल मोकळं बोलतं.

मैत्रिणीचं काय? तिच्या आईला फोन करावा, असं तुमच्या मनात आलंच असेल. करू नका. आयांनी जुळवलेली मैत्री चौदाव्या वर्षी टिकत नाही, आणि 'माझ्या आईने तुझ्या आईला सांगितलं' यासारखी लाज दुसरी नाही. शिवाय ती मैत्रीण वाईट वागलीय असंही काही दिसत नाही. तिला नव्या डिव्हिजनमध्ये नवी माणसं मिळाली असतील, आणि आपल्या लेकीला आता तिच्याकडे जाताना मधे उभं राहिल्यासारखं वाटत असेल. तुम्ही जागा करून द्या, जोडायचं काम त्यांच्यावर सोडा. दिवाळी जवळ आलीय. आकाशकंदील घरी करू म्हणा, बांबूच्या काड्या आणि कागद आणून ठेवा, आणि म्हणा, "एकटीने होणार नाही, कुणाला बोलवायचं ते तू बघ." कुणाला ते तिला ठरवू द्या. जुनी मैत्रीण येईल, कदाचित शेजारची दुसरीच कुणी येईल. हाताला काम असलं की मुली एकमेकींकडे न बघता बोलतात, आणि अवघड गोष्टी तशाच बोलल्या जातात.

तुम्हीही तिच्याशी तशाच बोला. समोर बसवून 'काय झालं ते सांग' असं विचारू नका. भाजी निवडताना, स्कूटरवरून जाताना, अंधार पडल्यावर अंगणात. आणि 'शाळा कशी होती?' हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर 'बरी' एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा, बसमध्ये कोणाशेजारी बसलीस? डबा कुठे खाल्ला? डब्याची जागा सांगताना मूल खोटं बोलू शकत नाही असं नाही, पण खोटं बोलायच्या आधी ते क्षणभर थांबतं. तो क्षण ऐकायला शिका. आणि कळलं की लगेच उपाय सांगू नका. 'एकटीने खाल्लास? मग फार लांबली असेल ना सुट्टी,' एवढंच म्हणा.

म्हापशाला घालू नका, निदान आता नाही. पुन्हा सगळे चेहरे नवे, लांबचा प्रवास, आणि वर दहावी. जे एप्रिलात झालं तेच पुन्हा करण्यासारखं आहे. एक अपवाद. चौकशीत असं निघालं की कुणी तिला सतत छळतंय, फोटो काढून फिरवतंय, अंगाला हात लावतंय, तर हे सगळं बाजूला ठेवा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथेही बोला. शाळेने दाद दिली नाही तर शाळा बदला, अगदी मधेच.

आणि एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. आज ती घरी, सुट्टीत, भावंडांत खुलतेय, म्हणून मला धीर आहे. दिवाळीच्या सुट्टीतही खुलली नाही, आवडीचं गाणं, खाणं, माणसं कशातच दोन आठवडे रस दिसला नाही, झोप उडाली किंवा दिवसभर झोपूनच राहिली, 'मी नसते तर बरं' असं काही बोलली किंवा लिहिलेलं सापडलं, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. तिथे मूल नेलं तर लोक काय म्हणतील, हा विचार त्या दिवशी घरी ठेवून निघा.

येत्या सोमवारी सकाळी पोट दुखेलच. तेव्हा काय करायचं ते आजच ठरवून ठेवा, कारण सकाळी सातला कुणालाच शहाणपण सुचत नाही. 'नाटक करू नकोस' असं कुणी म्हणायचं नाही. 'दुखतंय ना, मला माहीत आहे,' म्हणायचं. ओव्याचं पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. पण घरी ठेवू नका. एक सोमवार घरी राहिली की पुढचा सोमवार दुप्पट जड होतो. त्या दिवशी बालरथ चुकला तरी चालेल. बाबांना म्हणावं, स्कूटरवरून सोडा आणि वाटेत मार्कांचा विषय काढू नका. फाटकापाशी तिला विचारा, आज मधल्या सुट्टीत कुठे असशील? 'माहीत नाही' म्हणाली तर टीचरांची भेट त्याच आठवड्यात घ्या. 'लॅबमध्ये' किंवा कुणाचं तरी नाव म्हणाली, तर मला दोन ओळी लिहून कळवा. मी वाट बघतेय.

तुमची,
बाई